पाऊस टाळून चालवायच्या गाडीला परवडणारे, पण चांगली पकड देणारे टायर कसे निवडावेत?

प्रश्न थोडक्यात असा आहे. पुण्यातल्या एका गृहस्थांकडे २०१४ ची पोलो जीटी टीएसआय आहे. रोजच्या कामाला घरात दुसरी गाडी आहे, ही फक्त हौसेची. ऑक्टोबर ते मे, शनिवार-रविवारी पहाटे घाटात जायचं आणि नाश्त्यापर्यंत परत यायचं. पावसाळ्यात गाडी कव्हर घालून उभी असते. वर्षाचे जेमतेम चार हजार किलोमीटर. टायर १८५/६० आर १५ (रुंदी १८५ मिलिमीटर, बाजूची उंची रुंदीच्या ६० टक्के, रिम १५ इंची), सहा वर्षं जुने, नक्षी मात्र अजून ५ मिलिमीटर. चार टायरना मिळून बजेट तीस हजार. दुकानदार म्हणतो, "हा घ्या साहेब, साठ हजार किलोमीटर बघायला नको." एक मित्र ट्रॅकवर वापरलेले सेमी-स्लिक, म्हणजे शर्यतीचे जवळपास गुळगुळीत टायर, स्वस्तात देतोय. शिवाय १७ इंची अलॉय रिमचा मोह आहेच. काय करावं?

मी बावीस वर्षं टायर आणि व्हील अलाइनमेंटचं काम करतो. अशा गाडीचे मालक महिन्याला दोन-तीन तरी येतात आणि त्यातले बहुतेक जण एकाच ठिकाणी चुकतात. म्हणून सुरुवात तिथूनच करतो.

तुमचे टायर घासून संपणार नाहीत, ते वय होऊन संपतील. वर्षाला चार हजार म्हणजे पाच वर्षांत वीस हजार किलोमीटर. साठ हजार जाणारा टायर घेतलात तर पाच-सहा वर्षांनी तो टाकून द्याल तेव्हा त्याची निम्म्याहून जास्त नक्षी शाबूत असेल आणि रबर मात्र वाळलेलं असेल. म्हणजे जे चाळीस हजार किलोमीटर तुम्ही कधी चालवणारच नाही, त्यांची किंमत मोजायची, आणि ती मोजायची पकडीतून. कारण टायर जास्त टिकवायचा तर रबराचं मिश्रण सहसा कडक घ्यावं लागतं. रोज साठ किलोमीटर ये-जा करणाऱ्याला तो सौदा परवडतो. तुमच्यासाठी तो उलटा पडतो. पंचवीस-तीस हजारांत संपणारा, मऊ रबराचा टायर घ्या. तुमच्या हातात तो सुद्धा पूर्ण घासणार नाही.

आत्ताचे टायर बदलायचेच आहेत, यात मला शंका नाही. नक्षी पाहून माणूस फसतो. माझ्याकडे रबराचा कडकपणा मोजायचं छोटं मीटर आहे. नवा चांगला टायर त्यावर साठ-पासष्टच्या आसपास दाखवतो. पाच-सहा वर्षं उन्हापावसात काढलेला टायर पंच्याहत्तर-ऐंशीला पोचलेला मी कितीतरी वेळा पाहिला आहे, वरून नक्षी अगदी नव्यासारखी. तुमच्याकडे मीटर नसेल तर अंगठ्याचं नख नक्षीच्या ठोकळ्यात दाबून बघा आणि शेजारच्या नव्या टायरवर तसंच दाबा. फरक बोटालाच कळतो. ब्रेक दाबल्यावर एबीएस (चाक जाम होऊ न देणारी ब्रेकची यंत्रणा) लवकर थरथरायला लागतं, वळणावर टायर किंचाळतो पण गाडी वळत नाही, ही त्याच कडकपणाची लक्षणं. गाडीचं सस्पेन्शन बिघडलं असं समजून लोक शॉकॲब्सॉर्बर बदलायला निघतात.

आता मित्राचे सेमी-स्लिक. ते घेऊ नका. हे मी ठासून सांगतो, आणि कारण आपल्या हवेत आहे. "पावसात गाडी काढत नाही" असं म्हणणाऱ्या माणसाला एप्रिल-मे मधला वळीव विचारून येत नाही. एखाद्या दिवशी परतायला दुपार होते: सकाळी कडक ऊन, दुपारी तीनला वाईवर ढग, आणि पसरणी घाट उतरताना पहिले थेंब. महिनोन्‌महिने रस्त्यावर साचलेली धूळ, डिझेल, रबराची पूड त्या पहिल्या पाण्यात मिसळते तेव्हाचा रस्ता भर पावसाळ्यातल्या रस्त्यापेक्षा निसरडा असतो. सेमी-स्लिकला पाणी बाहेर टाकायला चर जवळपास नसतातच. काही वर्षांपूर्वी अशीच एक गाडी आमच्याकडे ट्रकवर घालून आली होती. वळीव सुरू होऊन पाच मिनिटं झाली नव्हती, वेगही फार नव्हता. मागचा भाग सुटला आणि गाडी कठड्याला घासून थांबली. आत नवरा-बायको आणि लहान मुलगी. कुणाला काही झालं नाही, पण त्या बाईंचा चेहरा मला अजून आठवतो.

पाऊस बाजूला ठेवला तरी दुसरी अडचण आहेच. ट्रॅकचं रबर तापल्यावर धरतं. डिसेंबरच्या पहाटे पाचगणीच्या वाटेवर रस्ता थंडगार असतो आणि पहिले कित्येक किलोमीटर तो टायर साध्या टायरपेक्षाही कमी धरतो. रस्त्यावर तुम्ही ट्रॅकसारखे सलग फेरे मारत नाही, त्यामुळे तो पुरता तापतही नाही. भरीला आपला हिवाळा म्हणजे गळिताचा हंगाम. साताऱ्याकडे रस्त्यावर उसाचं पाचट पडलेलं असतं, ट्रॅक्टरच्या चाकांतून निघालेली शेतातली माती वळणावर पसरलेली असते. कोरडं हवामान म्हणजे कोरडा, स्वच्छ रस्ता नव्हे. त्यात ते टायर आधीच वापरलेले आहेत. ट्रॅकवर वारंवार तापून थंड झालेलं रबर कडक होत जातं, म्हणजे ज्या पकडीसाठी ते घ्यायचे तीच त्यात उरलेली नसते.

तेव्हा तुम्हाला हवा आहे तो मधला वर्ग: रस्त्यासाठी बनवलेला, खेळकर स्वभावाचा टायर, जो कोरड्यात चांगला धरतो आणि ओल्यात दगा देत नाही. युरोपी जाहिरातीत याला 'समर टायर' म्हणतात. त्याचा अर्थ उन्हाळ्याचा टायर असा घेऊ नका. साधारण ७ अंश सेल्सियसच्या वरच्या तापमानात काम करणारं रबर, एवढाच त्याचा अर्थ. निफाडची एखादी कडाक्याची पहाट सोडली तर महाराष्ट्रात वर्षभर तेच चालतं आणि आपल्याकडे मोटारीला विकले जाणारे जवळजवळ सगळे टायर त्याच जातीचे असतात. 'ऑल सीझन' लिहिलेल्या टायरसाठी जास्त पैसे देऊ नका. बर्फाची थोडी सोय त्यात केलेली असते, ती तुमच्या काय कामाची?

टायरच्या बाजूवरचे आकडे वाचता आले की निम्मं काम होतं. 'ट्रेडवेअर' म्हणून एक आकडा बऱ्याच टायरवर असतो. ही अमेरिकेची पद्धत. तिथल्या नियमानुसार टेक्ससमधल्या सॅन अँजेलोजवळच्या ठरावीक रस्त्यावर एका प्रमाण टायरच्या शेजारी नवा टायर ७,२०० मैल चालवून झीज मोजतात. पण अंतिम आकडा कंपनी स्वतः छापते. त्यामुळे एका कंपनीचा ४०० आणि दुसरीचा ४०० एकच असं समजू नका. एकाच कंपनीचे दोन टायर ताडून पाहायला मात्र हा आकडा उत्तम. पाचशेच्या पुढे गेला तर तो टिकाऊपणासाठी बनवलाय. तीनशे ते चारशेच्या दरम्यान तुमचं घर आहे. दोनशे आणि त्याखाली ट्रॅकची वस्ती सुरू होते.

त्याच्या शेजारी 'ट्रॅक्शन' म्हणून एए, ए, बी असं अक्षर असतं आणि इथे फार जण फसतात. एए म्हणजे वळणावर सर्वोत्तम पकड असं दुकानात सांगितलं जातं. ते अक्षर फक्त ओल्या रस्त्यावर, सरळ रेषेत ब्रेक लावल्यावर टायर किती धरतो एवढंच सांगतं. वळणाबद्दल ते काही बोलत नाही, कोरड्या रस्त्याबद्दलही नाही. वळिवाच्या भीतीपोटी एए किंवा ए असलेला घ्याच, पण त्यावरून घाटातली मजा मोजू नका.

वेगाचं अक्षर बघा: एच म्हणजे २१० किमी प्रतितास, व्ही म्हणजे २४०. कुणी इथे २१० ने जाणार नाही आणि जाऊही नये. तरी मी मिळाला तर व्ही घ्या म्हणतो, कारण ते प्रमाण गाठायला टायरची बांधणी सहसा जास्त ताठ करावी लागते. स्टिअरिंग वळवल्यावर गाडी लगेच वळते की अर्धा क्षण विचार करून वळते, हा फरक बराचसा त्या बांधणीतून येतो. भाराचा आकडा मात्र मूळच्या खाली जाऊ द्यायचा नाही. तुमच्या मापाला ८४ असतो, म्हणजे टायरमागे ५०० किलो.

आणि आता सगळ्यात महत्त्वाचे चार आकडे. 'डॉट' या अक्षरांनी सुरू होणाऱ्या ओळीच्या शेवटी लंबगोलात असतात. २३२५ असेल तर २०२५ चा तेविसावा आठवडा. तुमचा टायर वयाने मरणार आहे हे एकदा मान्य केलं, तर दोन वर्षं गोदामात पडलेला टायर घेणं म्हणजे त्याच्या आयुष्याचा मोठा तुकडा दुकानदाराला फुकट देणं. रोज चालवणारा एकवेळ चालवून घेईल, तुम्ही नाही. मी सहा महिन्यांच्या आतला मागतो, फार तर वर्षाचा. जून २०२० मध्ये केंद्र सरकारने नव्या टायरची आयात 'मुक्त'मधून काढून 'निर्बंधित' यादीत टाकली. तेव्हापासून बाहेरून येणाऱ्या खेळकर टायरची आवक घटली आणि मिळतो तो माल बरेचदा जुना असतो. ऑनलाइन मोठी सवलत दिसली की आधी या चार आकड्यांचा फोटो मागवा. एका ग्राहकाने अशी 'लॉटरी' लागली म्हणून चार टायर आणले होते. तीन एकाच वर्षाचे आणि चौथा त्यांच्यापेक्षा चार वर्षांनी मोठा. पैसे परत मिळाले नाहीत.

माप. १७ इंचीचा विचार सोडा, असं मी स्पष्ट म्हणेन. मोठी रिम आणि टायर मिळून चाक सहसा जड होतं, आणि स्प्रिंगखालचं वजन वाढलं की खराब रस्त्यावर चाक रस्त्याला चिकटून राहत नाही, उड्या मारतं. पातळ बाजूचा टायर खड्ड्यात पडला की रिम वाकते किंवा टायरच्या बाजूला फुगा येतो, आणि फुगा आलेला टायर दुरुस्त होत नाही. तुमचे तीस हजार तर रिमवरच जातील.

१५ इंचीतच राहून १९५/६० आर १५ घेता येतो. मूळ टायरचा व्यास ६०३ मिलिमीटर, याचा ६१५. म्हणजे दोन टक्के जास्त. स्पीडोमीटरवर १०० दिसतील तेव्हा खरा वेग पूर्वीपेक्षा दोनने जास्त असेल आणि पहिल्या गिअरची ओढ किंचित कमी होईल. चालण्यासारखं आहे. १९५/५५ आर १५ चा व्यास ५९५.५, तो मूळच्या अधिक जवळ आणि गाडीचा बाजही अधिक चपळ करणारा, पण आपल्या बाजारात तो शोधावा लागतो आणि खाली जागा कमी होते. कंपनीच्या १५ इंची रिमवर दोन्ही बसतात.

रुंद टायर म्हणजे रस्त्यावर जास्त रबर, हा समज इथे एकदा तपासून घेऊ. माणसांसकट गाडी साधारण १२०० किलो धरा आणि हवा ३२ पीएसआय, म्हणजे दर चौरस सेंटिमीटरला सव्वादोन किलो. भागाकार केला तर चारही टायर मिळून ५३० चौरस सेंटिमीटरच्या आसपास रस्त्याला टेकतात, एकेक टायर हाताच्या पंजापेक्षाही थोडा कमी. टायर १८५ चा असो की १९५ चा, वजन आणि हवा तीच असेल तर ही बेरीज फारशी हलत नाही. बदलतो तो आकार: ठसा आडवा रुंद आणि लांबीला आखूड होतो, त्यामुळे वळणावर गाडी जरा तत्पर वाटते. दहा मिलिमीटर रुंदीपेक्षा चांगलं रबर कितीतरी जास्त देतं. म्हणून हवं ते मॉडेल ताज्या तारखेचं १८५/६० मध्ये मिळत असेल आणि १९५/६० मध्ये सामान्य मॉडेल मिळत असेल, तर डोळे मिटून १८५ घ्या.

कोणतं मॉडेल? कंपनीचं नाव विचारून उपयोग नाही. बहुतेक कंपन्यांच्या घरात दोन भाऊ असतात, एक शांत आणि एक खेळाडू, आणि दुकानदार बहुधा शांत भाऊ पुढे करतो कारण तो जास्त खपतो. काँटिनेंटलमध्ये अल्ट्राकाँटॅक्ट शांत, मॅक्सकाँटॅक्ट खेळाडू. योकोहामात ब्लूअर्थ शांत, ॲडव्हान खेळाडू. ब्रिजस्टोनमध्ये इकोपिया मायलेजवाला, तुरांझा लांबच्या प्रवासाचा, पोटेंझा खेळाडू. मिशेलिनमध्ये प्रायमसी आरामाचा आणि पायलट स्पोर्ट पकडीचा. गुडइयरमध्ये ॲश्युरन्स आणि ईगल. सिएटमध्ये सिक्युराड्राइव्ह आणि स्पोर्टड्राइव्ह. अपोलोच्या घरात व्हरेडश्टाइन हा वरचा ब्रँड आहे, ही मूळची डच कंपनी अपोलोने २००९ मध्ये घेतली आणि २०२१ पासून त्या नावाचे टायर इथे विकायला आणले. त्यात अल्ट्रॅक ही मालिका बघा.

खरी अडचण अशी की खेळाडू भाऊ बहुतेक १६-१७ इंचीपासून पुढे भेटतात, १५ इंचीत निवड तोकडी असते. तीस हजारांत माझा क्रम असा: मॅक्सकाँटॅक्ट तुमच्या मापात आणि ताज्या तारखेचा मिळाला तर तो पहिला. त्याची बाजू ताठ आहे, स्टिअरिंगला लगेच उत्तर देतो. थोडा आवाज करतो, आणि हौसेच्या गाडीत तो मला खटकत नाही. तो नसेल तर ॲडव्हान किंवा अल्ट्रॅकमध्ये मिळेल ते. तेही नसेल तर प्रायमसी किंवा तुरांझा. हे दोन शांत स्वभावाचे असले तरी ओल्यात भरवशाचे आहेत आणि तुमच्या सहा वर्षांच्या वाळक्या टायरनंतर तेही तुम्हाला नवी गाडी घेतल्यासारखे वाटतील. 'इको', 'मायलेज', 'लाँग लाइफ' असं काही लेबलवर दिसलं की पुढे सरका. सप्टेंबर २०२५ मध्ये टायरवरचा जीएसटी २८ वरून १८ टक्क्यांवर आला आहे, तेव्हा जुने भाव डोक्यात ठेवून घासाघीस करू नका, बिलावर कर किती लावलाय ते बघा.

तीस हजार सगळे टायरवर घालवू नका. तीन हजार बाजूला ठेवा: नवे व्हॉल्व्ह, बॅलन्सिंग, अलाइनमेंट. भारी टायर वाकड्या अलाइनमेंटवर चालवला तर सहा महिन्यांत आतली कड खाल्लेली दिसेल. तुमच्या पोलोला मागे टॉर्शन बीम (दोन्ही चाकांना जोडणारा एकच दांडा) आहे, तिथे ॲडजस्ट करायला काही नसतं. "चारही चाकांचं केलं" असं सांगून कुणी पैसे मागितले तर मागचे फक्त मोजलेले असतात हे लक्षात ठेवा. पुढच्या टो-इनचा (चाकं आतल्या बाजूला किती वळलेली आहेत त्या मापाचा) छापील कागद मागा, आधीचा आणि नंतरचा. बहुतेक खेळाडू टायरच्या बाजूवर 'आउटसाइड' असा शब्द असतो, तो चारही चाकांवर बाहेरून दिसला पाहिजे. बाण असेल तर तो पुढे जाण्याच्या दिशेने. दुकानातून निघण्याआधी गाडीभोवती एक फेरी मारून हे बघा, कारण घाईच्या शनिवारी एखादं चाक उलटं बसतं.

पैशांची ओढ झाली आणि आत्ता दोनच टायर घ्यायचे ठरले, तर नवे मागे लावा. गाडी पुढच्या चाकांवर चालते म्हणून सगळे पुढे लावायला सांगतात. पण पुढचा टायर सुटला तर गाडी सरळ जाते आणि पाय उचलला की बरेचदा सावरते. मागचा सुटला तर गाडी फिरते आणि घाटात ती फिरली की सावरायला जागा नसते. तरीही तुमच्या बाबतीत चारही एकदम घ्या, कारण जुने दोन वाळलेलेच आहेत.

हवेचा आकडा दरवाज्याच्या खांबावर किंवा पेट्रोलच्या झाकणाच्या आत छापलेला असतो. तो थंड टायरचा आहे. पेट्रोल पंपापर्यंत पाच-सात किलोमीटर गाडी चालवून गेलात की आकडा वाढलेला दिसतो, पंपावरचा मुलगा हवा सोडतो आणि तुम्ही कमी हवेवर घाटात शिरता. दोन हजारांच्या आत चांगला गेज आणि छोटा पंप येतो, घरीच पहाटे भरा. तापमान पाच-सहा अंशांनी बदललं की हवा साधारण एक पीएसआय बदलते, म्हणून डिसेंबरात बरोबर भरलेला टायर मे महिन्यात तीन-चारने जास्त असतो. नायट्रोजनवर खर्च करू नका; साध्या हवेत तो ७८ टक्के आहेच, आणि महिन्यातून एकदा गेज लावणाऱ्याला बाकीच्याची गरज पडत नाही.

तुमच्या गाडीचे चार महिने उभे राहण्यात जातात, तिकडे थोडं लक्ष द्या. जूनमध्ये कव्हर घालण्याआधी हवा पाच-सहा पीएसआयने वाढवा, अर्थात टायरच्या बाजूवर छापलेल्या कमाल आकड्याच्या आतच. दर पंधरा दिवसांनी गाडी अर्धा फेरा पुढे-मागे करा. नाहीतर टायर खाली चपटा होतो आणि ऑक्टोबरात पहिले काही किलोमीटर स्टिअरिंग थरथरतं. चपटेपणा थोडा असेल तर टायर तापल्यावर जातो, महिनोन्‌महिने न हलवलेल्या गाडीत तो कायमचा राहतो. ओल्या मातीवर उभी करू नका. आणि चकाकी आणणारं तेलकट पॉलिश टायरवर मारू नका. त्यातली पेट्रोलियमची द्रव्यं रबराला लवकर म्हातारं करतात, आणि सांडलेलं पॉलिश नक्षीवर आलं तर पहिल्याच वळणावर ते कळतं.

दुकानात फोन कराल तेव्हा प्रश्न याच क्रमाने विचारा: या मापात कोणती मॉडेलं आज हातात आहेत, प्रत्येकाचा ट्रेडवेअर किती, आणि तारखेचे चार आकडे काय. भाव शेवटी. तारीख सांगायला टाळाटाळ झाली तर दुसरा नंबर लावा.

बसवून झाल्यावर पहिले तीनशे किलोमीटर सौम्य चालवा. साच्यातून टायर सुटावा म्हणून लावलेला तेलकट थर तोवर वरून निघून जातो, त्याआधी घाटात पकड तपासायला जाऊ नका. पहिल्या शनिवारी साताऱ्यापर्यंत हायवेने जाऊन या. परत आल्यावर, चाकं थंड झाली की, टॉर्क पान्याने (ठरवलेल्या जोरानेच आवळणाऱ्या पान्याने) बोल्ट एकदा तपासा. पोलोला ते १२० न्यूटन-मीटर लागतात.